ठिबकच्या नळीचं शेपूटच का तुंबतं? बुळबुळीत थर, पाण्याचा वेग आणि तपासण्याचा क्रम

ओळीच्या तोंडाची झाडं टवटवीत असतात, मधली बरी असतात आणि शेवटची आठ-दहा झाडं दुपारी माना टाकतात. पाणी वाढवलं की तोंडाला चिखल होतो, शेवटी कोरडंच राहतं. गेली काही वर्षं मी द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांमधली ठिबक दुरुस्त करतोय आणि सर्वात जास्त वेळा हाच एक बिघाड हाताखालून गेलाय. पहिल्यांदा दुरुस्त होतो, महिन्याभरात परत येतो. परत का येतो, ते समजून घेतलं तर बरेचसे पैसे वाचतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

आधी लक्षणं जुळतात का बघा

शेवटच्या सात-आठ मीटरमधले ड्रीपर (नळीवरची पाणी ठिबकवणारी तोंडं) कमी पाणी देतात किंवा थांबून थांबून ठिबकतात. बोटाने टिचकी मारली की थोडा वेळ नीट चालतात. नळीच्या टोकाची टोपी काढली की आधी चहासारखं तपकिरी पाणी येतं, मागोमाग शेंबडासारखे गोळे येतात. हातावर घेतले तर बोटांत घसरतात, वास कुजका असतो. मोटार आठ-दहा दिवस बंद राहून सुरू झाली की एकाच दिवशी एकदम बरेच ड्रीपर बंद पडतात. आणि सर्वात खात्रीची खूण ही की अ‍ॅसिड सोडल्यावर दोन-तीन आठवडे बरं चालतं, मग पुन्हा तीच रड.

यातली तीन लक्षणं जुळली तर तुमच्या नळीत जिवाणूंचा थर वाढलाय. बहुतेक शेतकरी याला शेवाळ म्हणतात. शेवाळ शेततळ्यात असतं, त्याला ऊन लागतं. काळ्या नळीच्या आत उजेडच नाही, तिथे शेवाळ वाढू शकत नाही. तिथे वाढतात ते जिवाणू. गाळणीतून निसटलेलं मेलेलं शेवाळ, खतातलं नत्र-स्फुरद, जीवामृतातला गूळ हे त्यांचं खाणं. हे जिवाणू नळीच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट खळ तयार करतात. त्या खळीत मातीचे बारीक कण आणि चुना अडकत जातो. शास्त्रात याला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. मी इथे थर म्हणतो.

थर नसेल तर काय असू शकतं तेही सांगतो. ड्रीपरच्या तोंडावर पांढरा, खरखरीत, नखाने टवका निघणारा जमाव असेल तर तो क्षार. त्यावर अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला की फसफसतो, बुळबुळीत थर फसफसत नाही. चिमटीत घेतल्यावर बोटांना कचकच लागली तर ती माती किंवा वाळू, म्हणजे गाळणीचा प्रश्न. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र सापडतात, पण आधी काय आलं हे महत्त्वाचं. थर आधी येतो आणि माती-चुना त्याच्यावर बसतो, असं मी फार वेळा पाहिलंय.

शेपटालाच का?

हा भाग वाचून पुढे जा, कारण खालची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे.

समजा १६ मिमीची नळी आहे, आतला व्यास साधारण १४ मिमी. लांबी ५० मीटर, दर ४० सेंमीवर ताशी ४ लिटरचा ड्रीपर. म्हणजे १२५ ड्रीपर, ताशी ५०० लिटर. तोंडाशी हे सगळं पाणी एकाच नळीतून जातं, तिथे वेग सेकंदाला ९० सेंमीच्या आसपास पडतो. प्रत्येक ड्रीपर आपला वाटा काढून घेतो, पुढे जाणारं पाणी कमी होत जातं, नळी मात्र तेवढ्याच रुंदीची राहते. शेवटून ६ मीटरवर फक्त १५ ड्रीपरांचं पाणी उरलेलं असतं, वेग ११ सेंमीवर येतो. अगदी शेवटच्या ड्रीपरच्या आधी तो सेकंदाला ७ मिलिमीटर असतो. मुंगी याहून जोरात चालते.

वेग कमी झाला की पाणी भिंतीला घासण्याचा जोरही कमी होतो, आणि तो वेगापेक्षा कितीतरी जास्त पटीने पडतो. याच नळीत तोंडाशी पाणी भिंतीला साधारण ३ पास्कल (असा जोर मोजायचं एकक) इतक्या जोराने घासतं. शेवटून ६ मीटरवर ते ०.०५ पास्कलच्या आसपास उरतं. वेग आठव्या हिश्श्यावर आला, घासणं मात्र पन्नासाव्या हिश्श्याच्याही खाली गेलं. कारण तोंडाशी पाणी घुसळत जातं, शेवटच्या सात मीटरमध्ये ते घुसळणं थांबतं आणि पाणी थराथराने संथ सरकतं. भिंतीलगतचं पाणी तर जवळपास उभंच असतं. जिवाणूला चिकटायला, खळ बनवायला आणि वाढायला याहून निवांत जागा मिळणार नाही.

मग एकदम साठलेल्या पाण्यात तो जास्त वाढायला हवा, असं वाटेल. तसं होत नाही. उभ्या पाण्यातलं खाणं आणि प्राणवायू संपतो, वाढ मंदावते. संथ वाहतं पाणी त्याला सर्वात मानवतं, कारण ताजं खाणं येत राहतं आणि खरवडून काढणारं कुणी नसतं. ठिबकचं शेपूट म्हणजे नेमकी तीच अवस्था, रोज चार तास.

दुसरी गोष्ट तितकीच कामाची आहे. ज्या वेगात थर वाढला, त्या वेगाला टिकेल इतकाच तो मजबूत असतो. जोरदार पाण्यात वाढलेला थर पातळ, घट्ट आणि चिवट असतो. संथ पाण्यात वाढलेला जाड, फुसफुशीत आणि सैल असतो. म्हणून शेपटातला थर दिसायला भयंकर असला तरी काढायला सोपा असतो, तो जुना होऊन त्यात चुना बसायच्या आत हात घातला तर. आणि म्हणूनच तो धोकादायकही असतो. वेग अचानक वाढला की तो लगद्यासारखा सुटतो. टोपी उघडी असेल तर बाहेर जातो, बंद असेल तर थेट ड्रीपरमध्ये.

ड्रीपरच्या आत काय होतं याचंही उत्तर प्रयोगशाळेत मिळालेलं आहे. ड्रीपरमध्ये साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद, नागमोडी वाट असते. हॉवर्ड स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशाच वळणावळणाच्या सूक्ष्म नळ्यांमधून स्यूडोमोनास जिवाणू असलेलं पाणी सोडलं. भिंतीवरचा थर सावकाश वाढला, पण वळणांच्या कोपऱ्यांपासून प्रवाहाच्या मधोमध चिकट धागे ताणले गेले. वळणावर पाण्याला जी आडवी गती मिळते, तिच्यामुळे हे धागे मध्यभागी येतात. २०१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात नूट ड्रेशर, बॉनी बासलर आणि स्टोन यांच्या गटाने पुढचं दाखवलं: हे धागे वाहून आलेली घाण जाळ्यासारखी अडवतात आणि बराच काळ सुरळीत चाललेली वाट एकदम थोड्या वेळात बंद होते. मला हे वाचल्यावर फार समाधान वाटलं, कारण बागेत नेमकं असंच दिसतं. ड्रीपर हळूहळू कमी होत बंद पडत नाही. काल चालत होता, आज नाही.

आपण मुळांसाठी ठिबकमधून जे स्यूडोमोनास सोडतो ती जात वेगळी, पण कुळ तेच. मुळाला चिकटण्याचा त्याचा गुण आपल्याला हवा असतो. नळीला चिकटण्याचा गुणही तोच आहे. त्यामुळे जैविक खतं सोडू नका असं मी म्हणणार नाही. ती सोडल्यावर काय करायचं, ते पुढे आहे.

तपासणी पहिली: एक लिटरची बाटली

खर्च शून्य. नेहमीच्या दाबावर ठिबक चालू ठेवा, एका नळीची शेवटची टोपी काढा, पहिलं घाण पाणी जाऊ द्या आणि एक लिटरची बाटली लावून सेकंद मोजा. १४ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत बाटली २२ सेकंदांत भरली तर टोकाला वेग सेकंदाला ३० सेंमी आहे. धुण्यासाठी हा किमान वेग मानतात. १३ सेकंदांत भरली तर ५० सेंमी, म्हणजे उत्तम. ३० सेकंदांच्या वर गेली तर त्या उघड्या टोकातूनही घाण नीट निघणार नाही. नळी कुठे मुडपली आहे का, सबमेनवरचा (ज्या जाड पाइपातून नळ्या निघतात त्यावरचा) रबर गळतोय का, आणि एका वेळी किती क्षेत्र चालू आहे, हे आधी बघा.

टोपी उघडल्यावर काय बदलतं याचा हिशेब करा. रोज ज्या जागी ०.०५ पास्कल लागत होते, तिथे ५० सेंमीच्या वेगाला एक पास्कलच्या आसपास लागतात. वीसपट. औषध नाही, अ‍ॅसिड नाही, नुसती टोपी काढली. दूध डेअरीत नळ्या धुताना पाणी सेकंदाला दीड मीटर किंवा त्याहून जोरात फिरवतात, त्यामागचं कारणही हेच. आपल्याला तेवढा वेग मिळत नाही, पण सैल थरासाठी तेवढा लागतही नाही.

तपासणी दुसरी: धुण्याची पद्धत

"आम्ही दर महिन्याला धुतो" असं सांगणाऱ्या बागांतही थर सापडतो, कारण सगळ्या टोप्या एकदम काढलेल्या असतात. पन्नास नळ्यांची टोकं एकदम उघडली की ३० सेंमीच्या वेगासाठीच ताशी आठ हजार लिटरहून जास्त जादा पाणी लागतं. मोटार ते देत नाही, दाब कोसळतो आणि प्रत्येक टोकातून नुसती धार लोंबते. पाणी वाहून जातं, थर जागच्या जागी राहतो.

एका वेळी पाच-सहा नळ्याच उघडा. दोन-तीन मिनिटं, पाणी स्वच्छ येऊन आणखी अर्धा मिनिट होईपर्यंत. मग त्या बंद करून पुढच्या पाच-सहा.

क्रमही पाळा. आधी मेन (मोटारीकडून येणारा मुख्य पाइप), मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह (टोकाची धुण्याची चावी), मग नळ्या. सबमेनला पण शेपूट असतं, हे फार लोक विसरतात. ६३ मिमीच्या पाइपात शेवटच्या नळीपुरतंच पाणी उरलं की वेग सेकंदाला ५ सेंमीवर येतो. तिथे साठलेला लगदा न काढता नळ्या धुतल्या तर धुतलेल्या नळ्यांत तोच लगदा परत जातो. मातीखाली गाडला गेलेला फ्लश व्हॉल्व्ह शोधायला मला एका बागेत अर्धा दिवस लागला होता. तो सहा वर्षांत एकदाही उघडला नव्हता, आणि त्यातून निघालेला काळा लगदा दोन बादल्या भरला.

किती दिवसांनी धुवायचं? विहिरीचं स्वच्छ पाणी असेल तर पंधरा दिवसांनी. शेततळं किंवा कालव्याचं असेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला. कोवळा थर या वेगाला निघतो, महिनाभर मुरलेला निघेलच असं नाही.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: ठिबक बरेच दिवस बंद असेल तर मोटार सुरू करण्याआधी टोप्या काढा. बंद काळात सैल झालेला थर पहिल्या धक्क्याला सुटतो. त्याला बाहेरची वाट मिळाली पाहिजे.

तपासणी तिसरी: गाळणी

गाळणीच्या आधीचं आणि नंतरचं दाबाचं गेज बघा. फरक ०.५ किलोच्या (चौरस सेंमीमागे) पुढे गेला की सँड फिल्टरला (वाळूच्या गाळणीला) बॅकवॉश द्या, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवा, आणि जाळीची गाळणी उघडून घासा. फरक अगदीच शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नका. गेज बिघडलंय, किंवा जाळी फाटलीय, किंवा वाळूत पाण्याने सरळ भोक पाडून वाट केलीय.

सँड फिल्टरची वाळू हातात घेऊन बघा. ती चिकटून गोळे होत असतील तर थर गाळणीतच वाढतोय आणि तिथून नळ्यांत बी पेरलं जातंय. बॅकवॉशच्या पाण्याला वाळू उचलून घुसळेल इतका जोर हवा. बाहेर पडणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत द्या, घड्याळाची दोन मिनिटं झाली म्हणून थांबू नका. गोळे सुटतच नसतील तर वाळू बदला.

तपासणी चौथी: खत सोडल्यानंतरची वीस मिनिटं

माझ्या अनुभवात निम्म्या बागांचा बिघाड इथेच सापडतो. खत किंवा जीवामृत सोडून झालं की लगेच मोटार बंद केली जाते. मग रात्रभर ते खाणं नळीत, आणि नेमकं शेपटात, पडून राहतं.

वरच्याच नळीचा हिशेब पुढे नेतो. पाण्याचा एक थेंब तोंडातून शिरला तर पहिले ४४ मीटर तो दोन मिनिटांत जातो. उरलेले ६ मीटर जायला त्याला तीन मिनिटं लागतात. ड्रीपर ताशी दोन लिटरचे असतील तर सगळा वेळ दुप्पट, म्हणजे दहा मिनिटं. त्यात मेन आणि सबमेनचा वेळ मिळवा. म्हणून खतानंतर पाच मिनिटं साधं पाणी सोडून भागत नाही. पंधरा-वीस मिनिटं सोडा, आणि सिंचनाचा हा शेवटचा भाग कधीही कापू नका. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर खत आधी उरका.

जीवामृत, स्लरी, ताकाचं मिश्रण यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २०० लिटर जीवामृतात शेण, गोमूत्र आणि बेसनाबरोबर २ किलो गूळ असतो. शेतासाठी ते चांगलं असेल, पण नळीतल्या जिवाणूंसाठी ती मेजवानी आहे. ठिबकमधून द्यायचंच असेल तर दोन वेळा कापडातून गाळा, निवळ वापरा, नंतर अर्धा तास साधं पाणी आणि त्याच आठवड्यात टोकं धुवा. हे करायला वेळ नसेल तर बादलीने खोडाशी द्या. सांगोल्याकडच्या एका डाळिंबाच्या बागेत आम्ही एवढंच बदललं, औषध काही सोडलं नाही, आणि पुढचे चार महिने एकही तक्रार आली नाही.

तपासणी पाचवी: पाणी कुठून उचलता

शेततळ्यात फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड) तळाला असेल तर गाळ येतो, अगदी वर असेल तर शेवाळ. रिकाम्या डब्यांचा तराफा करून तो पृष्ठभागाखाली अर्धा ते एक मीटर लटकवा. सिमेंटच्या टाकीत पाणी साठवत असाल तर टाकी झाका, उजेड बंद झाला की शेवाळ बंद, आणि जिवाणूंचं निम्मं खाणं तिथेच तुटतं.

एकदा पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत चौकशी करा. लोह आणि जिवाणूंची संख्या तपासायची आहे, हे वेगळं सांगा. ठिबकसाठी वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत एका मिलिलिटरमध्ये १०,००० पेक्षा कमी जिवाणू असतील तर तुंबण्याचा धोका कमी, ५०,००० च्या वर असतील तर गंभीर. लोह ०.१ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली चांगलं, १.५ च्या वर गंभीर. टोकातून गंजासारखा तांबूस लगदा येत असेल तर लोह खाणारे जिवाणू आहेत. त्यांचा थर जाड आणि चिकट असतो, आणि पुढचा उपाय बदलतो.

तपासणी सहावी: पेल्यांनी मोजा

औषधाला हात लावण्याआधी बिघाड किती आहे ते मोजा. चार नळ्या निवडा. प्रत्येकीच्या सुरुवातीला, एक-तृतीयांशावर, दोन-तृतीयांशावर आणि शेवटी एकेक पेला ठेवा, तीन मिनिटं पाणी गोळा करा. ताशी ४ लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत २०० मिली देतो. सोळा पेल्यांची सरासरी काढा, मग सर्वात कमी भरलेल्या चार पेल्यांची सरासरी काढा. दुसरी सरासरी पहिलीच्या ९० टक्क्यांच्या वर असेल तर झकास. ७० च्या खाली असेल तर नुसत्या धुण्याने भागणार नाही.

शेवटच्या पेल्यात कमी आलं आणि टोपी काढल्यावर पाणी स्वच्छ, भरपूर आलं, तर नळी साफ आहे आणि ड्रीपर तुंबलेत. टोपी काढूनही धार बारीक असेल तर दाबच पोचत नाही. हा आराखड्याचा दोष, नळी मोजमापापेक्षा लांब किंवा एका शिफ्टमध्ये, म्हणजे एका वेळी, चालणारं क्षेत्र जास्त. कितीही क्लोरीन ओतलं तरी तो जाणार नाही, आणि वेग कमी असल्यामुळे थर पुन्हा येतच राहणार.

आता क्लोरीन

धुणं आधी, क्लोरीन नंतर. उलटं केलं तर पैसे वाया जातात. जाड थरात क्लोरीन शिरताना बाहेरच्या पदरावरच खर्च होतं, आतले जिवाणू शाबूत राहतात आणि काही दिवसांत थर पुन्हा उभा होतो. आधी वेगाने जाड भाग काढा, मग उरलेल्या पातळ पदराला क्लोरीन लागू पडतं.

मात्रा अशी काढा. एका शिफ्टला ताशी २०,००० लिटर पाणी जातं आणि आपल्याला १० पीपीएम हवंय. म्हणजे तासाला २०० ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर तासाला २ लिटर, अर्ध्या तासाला १ लिटर. जुनं, उन्हात ठेवलेलं हायपो निम्म्या ताकदीचं असू शकतं. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिच्यात चुना असतो. आपल्याकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात तो चुना ड्रीपरमध्येच बसतो. वापरायचीच असेल तर बादलीत भिजवून रात्रभर निवळू द्या आणि फक्त वरचं पाणी घ्या.

शेवटच्या ड्रीपरच्या पाण्यात क्लोरीन पोचलं का, हे जलतरण तलावासाठी मिळणाऱ्या रंगाच्या किटने तपासा. १ ते २ पीपीएम दिसलं पाहिजे. शून्य दिसलं तर वाटेतल्या थराने सगळं खाल्लं, सोडणं चालू ठेवा. टोकाला दिसलं की मोटार बंद करून रात्रभर तसंच ठेवा. सकाळी टोप्या काढून वर सांगितल्याप्रमाणे धुवा. ही सकाळची धुलाई चुकवू नका. मेलेला थर नळीत राहिला तर पुढच्या जिवाणूंना आयतं घर आणि आयतं खाणं मिळतं. महिन्याभरात बिघाड परत येतो तो बऱ्याचदा याच कारणाने.

पाण्याचा पीएच ७.५ च्या वर असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो. क्लोरीनबरोबर युरिया, अमोनियमचं खत किंवा कीटकनाशक सोडू नका. त्या आठवड्यात ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास सोडू नका, ते मरतील. नुकत्याच लावलेल्या रोपांवर हा उपाय विचारल्याशिवाय करू नका. आणि पाण्यात लोह असेल तर क्लोरीन लोहाला गाळ बनवून खाली बसवतं. तो गाळ नळीत बसण्यापेक्षा गाळणीच्या आधी, साठवण टाकीत बसला पाहिजे.

अ‍ॅसिड कधी

क्षार असतील तेव्हाच. थरावर ते अर्धवट काम करतं. थरातला चुना विरघळतो, काही जिवाणू मरतात, ड्रीपर थोडे मोकळे होतात, पण चिकट पदर भिंतीवर राहतो. म्हणून ते दोन-तीन आठवड्यांचं सुख. क्षार आणि थर दोन्ही असतील तर एके दिवशी क्लोरीन, पूर्ण धुणं, मग काही दिवसांनी अ‍ॅसिड. शेवटच्या ड्रीपरच्या पाण्याचा पीएच ४ पर्यंत आणा, अर्धा-पाऊण तास ठेवा आणि धुऊन काढा.

अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. एकच बादली, एकच टाकी, एकच व्हेंच्युरी (नळीत खत-औषध ओढून घेणारा जोड) न धुता दोन्हींसाठी वापरली तरी निघतो. हे मी प्रत्येक बागेत दोनदा सांगतो, इथेही सांगतो. अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, मुलांना लांब ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नळीच्या टोकातून सँड फिल्टरची वाळू येत असेल तर फिल्टरच्या आतला भाग तुटलाय. तो स्वतः उघडू नका, ठिबकच्या तंत्रज्ञाला बोलवा, आणि तोवर ठिबक बंद ठेवा. मोटार, स्टार्टर, पॅनेल यांचं काही असेल तर वायरमन. जमिनीखालची ठिबक असेल तर क्लोरीनची मात्रा आणि मुळांचा प्रश्न दोन्ही वेगळे, तिथे अंदाजाने काही करू नका. लोह १.५ पीपीएमच्या वर निघालं किंवा पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आधी पाण्यावर प्रक्रिया लागेल, आणि तिचा आराखडा जाणकारानेच करावा. गाळ काढायला बंद टाकीत किंवा विहिरीत एकट्याने उतरू नका. आत हवा खराब असते, माणसं दगावतात.

नीट धुणं आणि दोन वेळा क्लोरीन करूनही पेल्यांचा आकडा ७० च्या खाली राहिला तर तिसऱ्यांदा औषध ओतू नका. ड्रीपरच्या आतला थर दगड झालाय. शेवटच्या दहा मीटरची नळी कापून नवी जोडणं स्वस्त पडतं. आकडा दाबामुळे कमी असेल तर आराखडा तपासून घ्या. लांब नळ्या मधोमध तोडून मध्ये नवी सबमेन टाकणं हा खर्च मोठा आहे, तो करण्याआधी दाब मोजून लेखी हिशेब मागा.

पावसाळ्यात ठिबक तीन-चार महिने बंद राहते. बंद करण्याआधी शेवटचं क्लोरीन द्या, सगळी टोकं धुवा आणि पाणी काढून टाका. टोप्या परत लावा, नाहीतर गोगलगायी आणि माती आत शिरते.

प्रत्येक व्हॉल्व्हची एक ठरलेली नळी निवडून बाटलीचे सेकंद वहीत लिहायची सवय मी सगळ्यांना लावतो. गेल्या उन्हाळ्यात एका द्राक्षबागेत पहिल्या दिवशी ४८ लिहिले होते. सबमेन धुतल्यावर ३१, एका शिफ्टचे दोन भाग केल्यावर १९, क्लोरीन आणि सकाळच्या धुण्यानंतर १६. तिथून आकडा २० च्या वर गेला की त्याच दिवशी टोप्या काढायच्या, असं ठरलंय.